मॉर्निंग्टन क्रेसेंट: ज्या खेळाला नियमच नाहीत, तो जिंकायचा कसा?

लंडनच्या एका ऑफिसात असताना चहाच्या सुट्टीत मी सहज म्हटलं, "शनिवारी डॉलिस हिलला जायचंय." १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू तिथे आहे आणि त्या दिवशी तिथे नाटक होतं. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यानं कप खाली ठेवला, भुवया आक्रसल्या आणि म्हणाला, "इतक्या लवकर डॉलिस हिल? मग मला ग्रीन पार्कशिवाय गत्यंतर नाही." फ्रिजपाशी उभी असलेली दुसरी सहकारी म्हणाली, "ग्रीन पार्क नको, तिरकं पडेल. बार्बिकन."

मला वाटलं, हे मला रस्ता सांगताहेत. पण बार्बिकन डॉलिस हिलच्या वाटेवर नाही. पुढची चार-पाच मिनिटं स्टेशनांची नावं हवेत उडत राहिली. प्रत्येक नावानंतर कुणीतरी "वा!" म्हणे, कुणी चुकचुकत असे. शेवटी खिडकीपाशी गप्प उभ्या असलेल्या एका वयस्कर बाई हळूच म्हणाल्या, "मॉर्निंग्टन क्रेसेंट." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या टेबलांकडे निघून गेले.

त्या खेळाचा अर्थ लागायला मला बरेच महिने लागले. तो अर्थ मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

आधी सरळ उत्तर. लंडनच्या भुयारी रेल्वेला, म्हणजे ट्यूबला, २७२ स्टेशनं आहेत. खेळणाऱ्यांनी आळीपाळीनं एकेका स्टेशनाचं नाव घ्यायचं. जो "मॉर्निंग्टन क्रेसेंट" म्हणेल तो जिंकला. याव्यतिरिक्त एकही नियम नाही. पण खेळणारे सगळे असे वागतात की नियम आहेत, भरपूर आहेत, पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत, आणि इतके सर्वांना ठाऊक आहेत की ते सांगत बसायची गरजच नाही. कुठली चाल कुठल्या चालीला काटते, कुठल्या लाइनीवरून कुठे उडी मारता येत नाही, कोण कधी "अडकला" याची चर्चा बुद्धिबळाच्या सामन्यासारखी चालते. आणि त्या चर्चेला बाहेर कुठलाही आधार नसतो. सगळा आधार खेळणाऱ्यांच्या आपसांतल्या समजुतीचा.

मग कुणीही विचारेल, पहिल्याच चालीला मॉर्निंग्टन क्रेसेंट म्हणून मोकळं का होऊ नये? या एका प्रश्नात खेळाची सगळी खोली आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी हा खेळ आला कुठून ते पाहू.

बीबीसी रेडिओ ४ वर ११ एप्रिल १९७२ रोजी 'आय'म सॉरी आय हॅवन्ट अ क्लू' नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सुरू झाला. रेडिओवर तेव्हा पॅनेल गेम्स फार होते. चार हुशार माणसं बसवायची, त्यांना प्रश्न विचारायचे, गुण द्यायचे. ग्रॅम गार्डन यांनी या प्रकारावर उतारा म्हणून हा कार्यक्रम रचला. माणसं हुशारच, पण त्यांना दिलेली कामं वेडीवाकडी आणि गुणांना काडीचा अर्थ नाही. सूत्रसंचालक होते हम्फ्री लिटल्टन, पेशानं जॅझ ट्रम्पेटवादक. ते २००८ साली वारले तोपर्यंत ही खुर्ची मुख्यतः त्यांचीच होती. पुढच्या वर्षापासून जॅक डी आले. गार्डन, टिम ब्रूक-टेलर, बॅरी क्रायर आणि विली रश्टन ही चौकडी बरीच वर्षं ठरलेली होती.

२२ ऑगस्ट १९७८ ला, सहाव्या मालिकेच्या पहिल्याच भागात, मॉर्निंग्टन क्रेसेंट पहिल्यांदा खेळला गेला. तो सुचला कसा याच्या दोन कथा सांगितल्या जातात. एक अशी की निर्माते जेफ्री पर्किन्स यांनी अस्तित्वातच नसलेला खेळ म्हणून तो मुद्दाम रचला. दुसरी अशी की एका नावडत्या निर्मात्याची चाहूल लागताच मंडळींनी ठरवलं, याला कधीच कळणार नाही असा एक खेळ खेळायला घेऊ. दुसरी कथा मला जास्त खरी वाटते, कारण त्यात या खेळाचा स्वभाव आधीच दिसतो: ज्यांना ठाऊक आहे त्यांचं कोंडाळं, आणि दारात उभा असलेला एक जण, ज्याला ते ठाऊक नाही.

रेडिओवरचे त्याचे जुने भाग ऐकताना लिटल्टन यांचं काम लक्ष देऊन ऐकावं. डाव सुरू होण्याआधी ते कागदावरून वाचतात की आज अमुक पोटनियम लागू आहे, तमुक वळण वर्ज्य आहे. आवाजात उत्साहाचा लवलेश नाही. सरकारी परिपत्रक वाचावं तसा स्वर. त्यामुळे नियम खरे वाटतात, कारण खऱ्या नियमांचं वाचन असंच कंटाळवाणं असतं. आणि दुसरं म्हणजे सभागृहातले प्रेक्षक. एखादं स्टेशन उच्चारताच ते श्वास रोखतात, दुसऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट करतात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. कुठे दाद द्यायची हे चाल खेळणाऱ्याच्या आवाजावरून ते ओळखतात. म्हणजे प्रेक्षकही खेळतच असतात.

एक डाव जवळून बघू. हा मी रचलाय, पण स्टेशनं आणि लाइनी खऱ्या आहेत. चौघं टेबलाभोवती बसलेत आणि सुरुवातीला इतकंच ठरलंय की "आज शनिवार, त्यामुळे उलटं वळण नाही."

पहिला म्हणतो, "ऑक्सफर्ड सर्कस." बाकीचे माना डोलावतात. या स्टेशनावर सेंट्रल, बेकरलू आणि व्हिक्टोरिया अशा तीन लाइनी मिळतात. बुद्धिबळात पटाचा मध्य धरावा तशी ही सुरुवात. दुसरी म्हणते, "बाँड स्ट्रीट." अगदी लागून असलेलं स्टेशन, सावध चाल. तिसरा बराच वेळ छताकडे बघतो आणि म्हणतो, "कॉकफॉस्टर्स." हे पिकॅडिली लाइनीचं उत्तरेकडचं शेवटचं टोक. पहिला हळहळतो, "टोकाला गेलास! आता परत कसा येणार?" तिसरा नुसता हसतो. चौथीला घाई नाही. ती चहाचा घोट घेते आणि म्हणते, "ऑल्डविच."

शांतता.

"ऑल्डविच १९९४ पासून बंद आहे," दुसरी म्हणते.

"म्हणूनच," चौथी म्हणते.

आता पहिल्याचं तोंड उतरतं. त्याच्या लक्षात आलंय की बंद स्टेशन मध्ये आलं, उलटं वळण वर्ज्य आहे, म्हणजे पिकॅडिलीची मागची वाट गेली. तो नाइलाजानं म्हणतो, "ग्रीन पार्क." दुसरीनं याचीच वाट पाहिलेली असते. "मॉर्निंग्टन क्रेसेंट."

इथे नेमकं काय झालं? ऑल्डविचची चाल ही डावातली सर्वांत भारी चाल, कारण तिनं एकाच शब्दात नवा नियम जन्माला घातला. बंद स्टेशन चालतं की नाही हे कुणीच ठरवलं नव्हतं. दुसरीनं खरी हरकत घेतली, ऑल्डविच खरंच ३० सप्टेंबर १९९४ ला बंद झालं. चौथीनं ती हरकत खोडली नाही, तिलाच आपली बाजू बनवलं. आणि पहिल्यानं अडकल्याचं मान्य केलं. तो वाद घालू शकला असता. त्यानं घातला नाही, म्हणून नियम "खरा" झाला. माझ्या मते त्या डावातला सगळ्यात चांगला खेळाडू हरलेला पहिलाच आहे. चौथीची चाल उभी राहिली ती त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर.

ज्यांनी नाटकाच्या कार्यशाळेत उत्स्फूर्त अभिनय केलाय, त्यांना हे लगेच उमगेल. समोरच्यानं टाकलेली गोष्ट नाकारायची नाही, तिच्यात भर घालायची. तो म्हणाला पाऊस पडतोय, तर तुम्ही छत्री उघडायची. मॉर्निंग्टन क्रेसेंटमध्ये नाकारण्याचं पाप एकच: "अरे, हे तर काहीही चाललंय!" असं म्हणणं. खरं तर वाक्य बरोबर आहे. पण ते उच्चारताच टेबलावर काहीच उरत नाही.

उलट्या बाजूची चूकही होते, आणि नवखे लोक तीच जास्त करतात. नियम नाहीत असं कळलं की ते सुटतात. मंगळावरचं स्टेशन घेतात, तीनदा उडी मारली म्हणतात. मग हसू एकदाच येतं आणि खेळ तिथेच संपतो. चांगल्या चालीला थोडा तरी खरा पाया हवा. डॉलिस हिलचंच बघा. आज ते ज्युबिली लाइनीवर आहे. पण ज्युबिली लाइन सुरू झाली १९७९ साली, त्याआधी तिथून बेकरलूच्या गाड्या जायच्या. त्यामुळे "१९७८ च्या पद्धतीनं खेळत असाल तर डॉलिस हिलवरून ऑक्सफर्ड सर्कस सरळ रेषेत येतं" असं कुणी म्हणालं, तर ते ऐकायला सुंदर लागतं. त्यातला निम्मा भाग इतिहास आहे आणि निम्मा हवेतला, आणि जोड कुठे आहे ते दिसत नाही. रेडिओच्या चाहत्यांमध्ये 'डॉलिस हिल लूप' असा एक प्रकार बोलला जातो, एकदा सापडलं की त्यातून सुटका नाही असा. चहाच्या वेळी माझ्या सहकाऱ्यानं भुवया का आक्रसल्या, ते मला हे समजल्यावर कळलं.

शंट, स्ट्रॅडल असे पारिभाषिक शब्दही या खेळात सर्रास येतात. पहिला रेल्वे यार्डातला, दुसरा कुठलाही चालला असता. हे शब्द पटतात, कारण खऱ्या खेळांचे शब्दही बाहेरच्याला असेच लागतात. आयुष्यात कधी क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला गुगली, सिली पॉइंट आणि डीप फाइन लेग ऐकवा. त्यात आणि मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या बोलीत त्याला काय फरक दिसेल? तो फक्त बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवेल की यात काहीतरी अर्थ असणार.

आणि आपण सगळेच खेळ असेच शिकलेलो असतो. लगोरी, आबाधुबी, डबा ऐसपैस यांचं नियमपुस्तक कुणी वाचलंय? गल्लीतली मोठी मुलं खेळायची, आपण बघायचो, मग आपल्याला कच्चं लिंबू म्हणून घ्यायचे. कुणी टाइमप्लीज म्हटलं की थांबायचं हे कुणी सांगितलं नाही, एकदा न थांबल्याबद्दल ओरडा बसला तेव्हा कळलं. मॉर्निंग्टन क्रेसेंट शिकण्याच्या याच वाटेवर उभा आहे. नवखा बघत बसतो, नियम शोधतो, त्याला दोन-तीन ठिकाणी नक्षी दिसल्यासारखीही वाटते. फक्त इथे शोधायला खाली काही नसतं. आणि एक गोष्ट मला फार आवडते: इथे कच्चं लिंबू नसतं. नवख्यानं धीर करून कुठलंही नाव घेतलं, तरी जाणते खेळाडू त्या चालीत काहीतरी खोल हेतू शोधून दाखवतात. "बाल्हम! याला कुणी शिकवलं?" त्या क्षणी तो आत आलेला असतो.

याच्याशी गोंधळ होऊ शकेल असे दोन-तीन खेळ आहेत, त्यांच्यातला फरक सांगतो म्हणजे हा जास्त स्पष्ट होईल. 'माओ' नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. त्यात नवख्याला नियम सांगायचे नाहीत असाच नियम आहे, चुकलं की दंडाचं पान घ्यायचं. पण तिथे नियम असतात, फक्त लपवलेले. 'एल्युसिस' हा रॉबर्ट ॲबट यांनी १९५६ साली तयार केलेला पत्त्यांचा डाव; त्यात एक जण मनात नियम धरतो आणि बाकीच्यांनी पानं टाकून तो हुडकायचा. तिथेही नियम आहेच. पीटर सुबर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या 'नॉमिक'मध्ये नियम बदलणं हीच चाल असते, पण बदल मतदानानं आणि उघड होतो. मॉर्निंग्टन क्रेसेंट या तिघांहून वेगळा आहे. इथे नियम लपलेलाही नाही आणि ठरवलेलाही नाही. इथे नियम असल्याचा फक्त भाव आहे, आणि तो टिकवण्याचं कौशल्य.

### पहिल्याच चालीला का जिंकू नये?

आता तो प्रश्न. गंमत म्हणजे तो गणितज्ञांनी रेडिओच्या नऊ वर्षं आधी विचारला होता. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातून 'मॅनिफोल्ड' नावाचं गणिताचं नियतकालिक निघायचं. १९६९ साली त्यात ॲनाटोल बेक आणि डेव्हिड फाउलर या दोन गणितज्ञांनी 'खेळ नसलेल्या खेळां'वर एक लेख लिहिला. त्यातला एक होता 'फिंचली सेंट्रल'. दोघांनी आळीपाळीनं ट्यूबच्या स्टेशनांची नावं घ्यायची, जो आधी फिंचली सेंट्रल म्हणेल तो जिंकला. त्यांनी दाखवून दिलं की ते नाव घेण्याची सर्वोत्तम वेळ म्हणजे प्रतिस्पर्धी घेणार त्याच्या बरोब्बर आधीची. आणि सुरुवातीलाच घेऊन टाकलं, तर तुम्ही जिंकता खरे, पण समोरचा तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतो, तिच्यापुढे जिंकणं न जिंकल्यासारखंच.

हे नाण्यांच्या रूपात मांडलं की सोपं होतं. तुम्ही आणि मी टेबलाशी बसलोय. मध्ये एक वाटी. आपल्या पाळीला प्रत्येकानं एकतर वाटीत एक रुपया टाकायचा, नाहीतर वाटी उचलून घ्यायची. वाटी उचलली की डाव संपला. समजा, जास्तीत जास्त शंभर चाली असं ठरलंय. शंभराव्या चालीला पाळी तुमची असेल, तर तुम्ही वाटी उचलणार हे उघड आहे. मला हे ठाऊक आहे, म्हणून मी नव्याण्णवाव्यालाच उचलेन. तुम्हाला तेही ठाऊक आहे, म्हणून तुम्ही अठ्ठ्याण्णवाव्याला. असं मागे मागे येत आपण पहिल्या चालीवर पोचतो: तर्कानं वागणारा माणूस पहिल्याच पाळीला वाटी उचलतो, आणि वाटीत असतं जवळजवळ काहीच नाही.

या धाटणीचा खेळ रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९८१ साली खेळसिद्धांतात मांडला. त्याला 'सेंटिपीड' म्हणजे गोम म्हणतात, कारण त्याची आकृती शंभर पायांच्या गोमेसारखी दिसते. पुढे १९९२ मध्ये रिचर्ड मॅकेल्वी आणि थॉमस पॉलफ्री यांनी खऱ्या माणसांना खऱ्या पैशांवर हा खेळ छोट्या रूपात खेळायला लावला, तेव्हा पहिल्याच चालीला डाव संपवणारे फार थोडे निघाले. बहुतेक जण काही चाली पुढे गेले. म्हणजे माणसं वाटी भरू देतात. थोडी वाट बघतात, समोरचाही वाट बघेल असं धरून चालतात.

मॉर्निंग्टन क्रेसेंटमधली वाटी म्हणजे टेबलाभोवतीची रंगत. प्रत्येक चांगली चाल तिच्यात काही टाकते. "मॉर्निंग्टन क्रेसेंट" म्हणणारा ती सगळी उचलतो. पहिल्या चालीला म्हटलं तर वाटी रिकामी, हाती काही लागत नाही. फक्त या वाटीत एक वेगळेपण आहे, आणि गणिताच्या साध्या मांडणीत ते बसत नाही: रंगत कायम वाढत जात नाही. एका टप्प्यानंतर ती उतरायला लागते. लोक घड्याळाकडे बघतात, चाली कोमट होतात. म्हणून डाव खेळायचा तो त्या चढाच्या माथ्यावर बोट ठेवण्यासाठी, उतार लागायच्या एक पाऊल आधी. हे शुद्ध डावपेचाचं काम आहे. नियम खोटे असले तरी ही कसोटी खरी आहे, आणि तीत लोक खरोखर कमीअधिक प्रवीण असतात.

ऑफिसातल्या त्या खिडकीपाशी उभ्या बाईंना मी नंतर एकदा विचारलं, की आता म्हणायचं हे तुम्हाला कळलं कसं? त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे कप रिकामे झाले होते."

### स्टेशनंच का?

हा खेळ शहरांच्या किंवा फळांच्या नावांवर का चालत नाही? मी एकदा दिवाळीत डोंबिवलीला घरच्या मुलांबरोबर मुंबई लोकलवर तो खेळून पाहिला. शेवटचं स्टेशन म्हणून मुलांनी कॉटन ग्रीन निवडलं, निवड उत्तम होती. पण डाव फार रंगला नाही, आणि का ते खेळतानाच लक्षात आलं. चर्चगेटपासून विरारपर्यंतची स्टेशनं आपल्याला एका ओळीत पाठ असतात. मालाडनंतर कांदिवली, कांदिवलीनंतर बोरिवली. ओळीवर फक्त पुढे किंवा मागे जाता येतं. दादर, कुर्ला, वडाळा, ठाणे असे मोजके सांधे सोडले, तर "मी इथून तिरका घुसलो" असं म्हणायला जागाच सापडत नाही.

लंडनची ट्यूब हे जाळं आहे. अकरा लाइनी, त्या एकमेकींना ठिकठिकाणी छेदतात, काही फाटे फुटून पुन्हा एकत्र येतात. शिवाय तिचा नकाशा जगावेगळा आहे. हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन विजेच्या सर्किटांच्या आकृत्या काढायचा. त्यानं १९३१ साली ट्यूबचा नकाशा तशाच आकृतीसारखा काढला: रेषा फक्त उभ्या, आडव्या आणि पंचेचाळीस अंशांत, स्टेशनांमधली अंतरं साधारण सारखी, खरा भूगोल बाजूला. १९३३ पासून तो प्रवाशांच्या हातात गेला आणि शहराचं चित्रच लोकांच्या डोक्यात तसं बसलं. म्हणजे लंडनकरांच्या मनात ट्यूब आधीपासूनच पटासारखी होती, घरं आणि रेषा असलेली. पट तयार होता, सोंगट्या कुणीतरी हलवायला सुरुवात केली. (हा बेक आणि गणितज्ञ बेक वेगळे. पण नकाशावाला बेक राहायचा फिंचलीत, आणि त्याच्या स्मरणार्थ फलक लावलाय तो फिंचली सेंट्रल स्टेशनावर.)

आणि शेवटचं घर मॉर्निंग्टन क्रेसेंटच का? मला वाटतं, कारण ते कुणालाच सहसा जायचं नसलेलं स्टेशन होतं. नॉर्दर्न लाइनीवर यूस्टन आणि कॅम्डन टाउन या दोन गजबजलेल्या स्टेशनांच्या मधलं हे छोटं स्टेशन २२ जून १९०७ ला उघडलं. लेस्ली ग्रीन या वास्तुविशारदाची इमारत, गडद लाल चकाकत्या टाइल्सची. 'बँक' नावाच्या स्टेशनाकडून येणाऱ्या गाड्या इथे थांबतच नाहीत, फक्त चेरिंग क्रॉस स्टेशनाकडच्या थांबतात. शनिवार-रविवारी ते पूर्वी बंदच असायचं. उघडण्याआधी त्याचं नाव सीमोर स्ट्रीट ठेवायचं घाटत होतं. सीमोर स्ट्रीट म्हणून पाहा एकदा मोठ्यानं, शेवटची चाल म्हणून ते पडून राहतं. मॉर्निंग्टन क्रेसेंट म्हणताना तोंडातून एक छोटी चढण आणि उतरण होते.

क्रेसेंट म्हणजे चंद्रकोरीसारखी वळलेली घरांची ओळ, आणि मॉर्निंग्टन हे वेलस्ली घराण्याच्या अर्ल या किताबाचं नाव. हे वेलस्ली आपल्या शाळेच्या पुस्तकातले. तैनाती फौजेचा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली भारतात आला तेव्हा मॉर्निंग्टनचा दुसरा अर्ल होता. त्याच्याच कारकिर्दीत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईचा तह केला, आणि पुढच्या सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ आर्थर असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. रेडिओवर हे नाव ऐकून इंग्रज श्रोते टाळ्या वाजवतात, तेव्हा माझ्या मनात जालना जिल्ह्यातलं ते रणांगण येऊन जातं.

२३ ऑक्टोबर १९९२ ला लिफ्ट बदलण्यासाठी स्टेशन बंद झालं आणि वर्षामागून वर्षं गेली तरी उघडेना. कायमचं बंद होईल अशीही धास्ती होती. ज्या स्टेशनाशी एरवी कुणाला देणंघेणं नसतं, त्याच्यासाठी लोकांनी आवाज उठवला, आणि रेडिओवर तर ते दर मालिकेत जिंकलं जातच होतं. अखेर २७ एप्रिल १९९८ ला ते पुन्हा सुरू झालं. उद्घाटनाला बोलावलं होतं लिटल्टन, गार्डन, क्रायर आणि ब्रूक-टेलर यांना. विली रश्टन डिसेंबर १९९६ मध्ये गेले होते. त्यांच्या नावाचा फलक २००२ साली स्टेशनावर लागला.

आता ते शनिवार-रविवारीही उघडं असतं. त्या नाटकाच्या शनिवारी मला डॉलिस हिलला जायचं होतं, ज्युबिली लाइननं, सरळ. मी तासभर लवकर निघालो, वाट वाकडी केली आणि मॉर्निंग्टन क्रेसेंटला उतरलो. लिफ्टनं वर आलो. समोर कॅररस सिगारेट कंपनीच्या जुन्या कारखान्याची इजिप्शियन थाटाची इमारत आहे, दारावर दोन मोठी काळी मांजरं. मी पाच मिनिटं लाल टाइल्सपाशी उभा राहिलो, रश्टन यांचा फलक वाचला आणि परत खाली गेलो. सोमवारी चहाच्या वेळी मी सांगितलं की शनिवारी मी मॉर्निंग्टन क्रेसेंटमार्गे डॉलिस हिल केलं. सहकाऱ्यानं कप खाली ठेवला. "म्हणजे उलट्या क्रमानं?" त्यानं विचारलं. "नाटक किती वाजता होतं?"

"सहाला," मी म्हटलं.

त्यानं खिडकीपाशी उभ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. "सहानंतर चालतं."